एका थाउची मोकळीक

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

कवी म्हटला की त्यानं कवितेवर बोलावं, फार तर पावसावर बोलावं अशी अपेक्षा असते. मी आज बोलणार आहे इंजिनाच्या आखावर. तेही मोठ्या इंजिनाच्या नव्हे. मांडीवर घेता येईल एवढ्या, पण खरा कोळसा खाणाऱ्या आणि खऱ्या वाफेवर चालणाऱ्या इंजिनाच्या. त्याचा आख जिथं फिरतो ती जागा, म्हणजे बेअरिंग, कशी बनवतात आणि तिला तेल कसं पोचवतात, एवढाच आजचा विषय आहे. विषय छोटा आहे, पण त्यात मी एकदा मोठी चूक केली होती. तीही सांगणार आहे.

आख आणि वंगण आपल्याला नवे नाहीत. ज्यांनी बैलगाडी पाहिली आहे, त्यांना चाकाच्या तुंब्यातून बाहेर आलेलं काळंकुट्ट वंगण आठवत असेल. सदऱ्याला लागलं की आईच्या हातचा मार ठरलेला, कारण तो डाग मरेपर्यंत जात नसे. गाडी कुरकुरायला लागली की गाडीवान थांबायचा, चाक थोडं बाहेर ओढायचा आणि आखाला वंगण चोपडून पुढं जायचा. बैलगाडीत आख जागेवर असतो आणि चाक त्याच्याभोवती फिरतं. रेल्वेत नेमकं उलटं असतं. तिथं दोन्ही चाकं आखावर दाबून घट्ट बसवलेली असतात, आणि चाकांसकट सारा आखच फिरतो. मग जागेवर राहतं काय? आखाला दोन्हीकडं वरून धरणारी धातूची चौकोनी पेटी. रेल्वेतली माणसं तिला ‘ॲक्सल बॉक्स’ म्हणतात. इंजिनाचा सगळा भार सांगाड्यावरून स्प्रिंगांवर येतो, स्प्रिंगांवरून या पेट्यांवर, पेट्यांवरून फिरत्या आखावर आणि तिथून चाकांतून रुळांवर. म्हणजे उभं इंजिन या चार-सहा पेट्यांच्या छतांवर तोललेलं असतं, आणि त्या छताखाली आख सतत फिरत असतो.

माझं बालपण कुर्डुवाडीत गेलं. कुर्डुवाडी म्हणजे बार्शी लाइट रेल्वे, अडीच फुटी रुळांची छोटी गाडी. ही गाडी १८९७ साली सुरू झाली. ती उभी करणाऱ्या एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरचा एक दंडक होता: गाडी कुठलीही असो, तिच्या कोणत्याही आखावर पाच टनांपेक्षा जास्त भार पडू द्यायचा नाही. त्यामुळं हलके रूळ पुरले आणि स्वस्तात रेल्वे झाली. आमच्या गावाचं नशीब असं एका आखावरच्या भारानं घडवलं, असं माझे धाकटे मामू म्हणायचे. मामू तिथल्या शेडमध्ये फिटर होते. इंजिन शेडमध्ये शिरताना ते डोळे मिटून ऐकायचे आणि सांगायचे, “डावीकडचा मधला बॉक्स ठोकतोय.” उघडून पाहिलं तर तसंच निघायचं.

१९९० साली मामू निवृत्त झाले. हातात जुनं लेथ, भिंतीवर कानशी टांगलेल्या आणि दिवसभर करायला काही नाही. एका साहेबाच्या सामानाच्या लिलावात त्यांना ‘मॉडेल इंजिनिअर’ या इंग्रजी साप्ताहिकाचे जुने बांधीव खंड मिळाले होते. पर्सिव्हल मार्शल यांनी १८९८ साली लंडनमध्ये सुरू केलेलं हे नियतकालिक. घरच्या छोट्या कारखान्यात फावल्या वेळी यंत्रं बनवणाऱ्यांचं ते हक्काचं पान होतं. वाफेची छोटी इंजिनं बनवण्याचा छंद इंग्लंडात रुजला, त्यात या नियतकालिकाचा वाटा फार मोठा. आपल्याकडं पुण्यात कोथरूडला छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे, ते तुमच्यापैकी अनेकांनी पाहिलं असेल. पण तिथल्या मांडणीवरच्या गाड्या विजेवर धावतात. मी म्हणतो त्या इंजिनात बॉयलर असतो, विस्तव असतो, शिट्टी असते. रुळांची रुंदी साडेतीन इंच किंवा पाच इंच, आणि मागच्या छोट्या गाडीवर जिवंत माणसं बसतात.

त्या खंडांत ‘एलबीएससी’ या चार अक्षरांच्या टोपणनावानं एक गृहस्थ लिहायचे. त्यांचं नाव लॉरेन्स. तरुणपणी त्यांनी लंडन, ब्रायटन अँड साउथ कोस्ट रेल्वेत काम केलं होतं, तीच आद्याक्षरं त्यांनी घेतली. अडीच इंची रुळांवरचं एवढंसं इंजिन कोळसा जाळून मोठ्या माणसाला ओढू शकेल, यावर १९२०च्या दशकात भल्याभल्यांचा विश्वास नव्हता. लॉरेन्स यांनी ते ओढून दाखवलं. त्यांच्या त्या इंजिनाचं नाव होतं ‘आयेशा’. मामूंनी हे वाचून दाखवलं तेव्हा स्वयंपाकघरातून मुमानींचा आवाज आला, “ही कोण आयेशा?” मामू हसून म्हणाले, “इंजिन आहे गं, विलायतेतलं.” मुमानींचं फारसं समाधान झालं नाही.

लॉरेन्स १९६७ साली गेले. पण ते शेजारी बसून सांगितल्यासारखं लिहीत. त्यांचं ‘टिच’ नावाचं चार चाकांचं साडेतीन इंची इंजिन आजही नवशिक्यांचं लाडकं आहे. मामूंनीही चार चाकांचंच करायचं ठरवलं, पण मापं आपल्या हातच्या सामानाला धरून बदलली. चाकं अडीच इंचांची, आख अर्ध्या इंचाचा. मी तेव्हा सोलापुरात बी.ए. करत होतो. रविवारी आलो की मामूंचा मदतनीस.

मला वाटायचं, छोटं इंजिन म्हणजे छोटं काम. मामूंनी पहिल्याच दिवशी एक हिशेब मांडायला लावला. ब्रॉडगेजवरच्या डब्ल्यूपी इंजिनाचं मोठं चाक पाच फूट सात इंचांचं. ताशी १०० किलोमीटर वेगानं जाताना ते मिनिटाला साधारण ३१० फेरे घेतं. आमचं अडीच इंचांचं चाक ताशी सहा किलोमीटरला, म्हणजे झपझप चालणाऱ्या माणसाच्या वेगाला, मिनिटाला ५०० फेरे घेणार! शिवाय इंजिन लहान केलं म्हणून धूळ लहान होत नाही. आख जमिनीपासून जेमतेम सव्वा इंचावर. वरून राख पडते, सिलिंडरातलं पाणी उडतं, चाकं माती उडवतात. मोठ्या इंजिनाच्या पेटीत जो वाळूचा कण हरवून जाईल, तो इथं दगडासारखा अडतो.

आता पेटी कशाची करायची ते पाहू. आख पोलादाचा. त्यासाठी सिल्व्हर स्टील नावाचं पोलाद चालतं. नाव चांदीचं, पण त्यात चांदी औषधालाही नसते. त्याचे गज मापात अचूक आणि गुळगुळीत मिळतात म्हणून ते वापरायचं. साधं चकचकीत ओढलेलं माइल्ड स्टीलही चालतं. पेटी मात्र पोलादाची करायची नाही. पोलादावर पोलाद घासलं आणि क्षणभर तेल तुटलं, की दोन्हींचे पृष्ठभाग एकमेकांना चिकटतात आणि ओरबाडले जातात. म्हणून पेटी वेगळ्या आणि मऊ धातूची. सगळ्यात आवडता धातू गनमेटल. जुन्या काळी तोफा ओतायचा म्हणून हे नाव. त्यात शंभर भागांत ८८ भाग तांबं, १० भाग कथील आणि २ भाग जस्त. फॉस्फर ब्राँझही उत्तम. ओतीव लोखंडाच्या पेट्याही चांगल्या टिकतात, कारण त्या लोखंडात ग्राफाइटचे बारीक पापुद्रे असतात आणि ते स्वतःच थोडं वंगणाचं काम करतात. साधं पितळ मात्र लवकर झिजतं.

मऊ धातू घेण्यामागं आणखी एक विचार आहे. आख बदलायचा म्हणजे चाकं काढा, सगळं उलगडा. पेटी बदलणं त्या मानानं सोपं. म्हणून झिजायचंच असेल तर पेटीनं झिजावं, आख वाचावा. आयझॅक बॅबिट या अमेरिकी कारागिरानं १८३९ साली कथील, अँटिमनी आणि तांब्याच्या मऊ मिश्रधातूचं अस्तर बेअरिंगला देण्याचं पेटंट घेतलं. हाच रेल्वेतला ‘व्हाइट मेटल’. त्याचा गुण असा, की तेलातून एखादा कचऱ्याचा कण आलाच तर तो त्या मऊ अस्तरात रुतून बसतो आणि आखाला बोचत नाही. हा रुतण्याचा गुण लक्षात ठेवा. माझी चूक त्याच्याशीच निगडित आहे.

पेट्या नेहमी जोडीनं करायच्या. डाव्या-उजव्या दोन पेट्यांचे तुकडे डाख लावून एकमेकांना जोडायचे आणि लेथच्या चकात धरून दोन्हींतून एकदमच भोक पाडायचं, म्हणजे दोन्ही भोकं एका रेषेत आणि एका उंचीवर येतात. नंतर डाख वितळवून त्या सुट्या करायच्या. भोक ड्रिलनं पाडलं की जरा वाकडं जातंच. म्हणून ड्रिल लहान वापरायचं, मग लेथच्या टोकदार हत्यारानं भोक आतून सरळ कातून घ्यायचं आणि शेवटचे चार-पाच थाउ रिमरसाठी ठेवायचे. थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, मिलिमीटरचा सुमारे चाळिसावा. माणसाचा केस साधारण दोन ते चार थाउ जाड असतो. रिमर सावकाश आणि एकाच दिशेनं फिरवायचा. बाहेर काढतानाही उलटा फिरवायचा नाही. उलटा फिरवला की त्याची धारही जाते आणि भोकाला ओरखडेही पडतात.

या पेट्या सांगाड्याच्या खाचांत वर-खाली सरकतात. नवशिक्याला वाटतं, त्या खाचेत अगदी घट्ट सरकाव्यात. तसं केलं की इंजिन रुळांवरून उतरतं. कारण एका बाजूचं चाक रुळांच्या सांध्यावर चढलं, की आख तिरपा होतो, आणि आखाबरोबर पेटीलाही थोडं तिरपं होता आलं पाहिजे. म्हणून पेटीच्या कडा वर आणि खाली किंचित उतरत्या कानसायच्या. मधे नीट बसलेली आणि टोकांना सैल, अशी ती हवी.

आणि आता मुख्य गोष्ट: आख आणि पेटीच्या भोकात किती फट हवी? आमच्या अर्ध्या इंची आखाला साधारण एक थाउ. केसाच्या निम्म्याहून कमी.

१९९१च्या दिवाळीच्या सुट्टीत पेट्या तयार झाल्या. मामूंना दोन दिवस पंढरपूरला जायचं होतं. मला सांगून गेले, “पेट्या रॉकेलनं धुऊन ठेव. पुढचा आख थोडा कडक फिरतोय. त्याला हात लावू नकोस. आल्यावर मी रिमरचा एक हात फिरवतो.” मी विसाव्या वर्षातला शहाणा. शेल्फवर ग्राइंडिंग पेस्टचा डबा होता. मोटारीच्या व्हॉल्व्हना घासून जागेवर बसवतात ती, करकरीत भुकटीची. मी ती आखाला लावली, आख पेटीत घातला आणि हातड्रिलला जोडून अर्धा तास फिरवला. आख लोण्यासारखा फिरायला लागला. तीनदा रॉकेलनं धुतलं, तेल घातलं आणि मामू आल्यावर म्हणालो, “आपोआपच मोकळा झाला.” त्यांनी फिरवून पाहिला, माझ्याकडं पाहिलं आणि काही बोलले नाहीत.

काही महिन्यांनी इंजिन धावलं. अंगणात साठ फुटांचा रूळ. गल्लीतली पोरं ओळीनं बसायची, वाफेनं मुमानींच्या वाळवणावर काजळी धरायची. पंधरा-वीस दिवसांनी मामू डोळे मिटून ऐकायला लागले. “पुढचा ठोकतोय,” म्हणाले. उघडलं. पेटी जवळजवळ जशीच्या तशी होती, फक्त आतून करडी आणि मंद चकाकणारी. आणि पोलादाच्या आखाला नख अडकेल एवढा चर पडला होता. मऊ धातूनं कठीण धातू खाल्ला होता.

कसं झालं हे? पेस्टमधले कठीण कण फिरता फिरता मऊ गनमेटलमध्ये रुतून बसले. रॉकेलनं धुऊन ते निघत नाहीत. पेटीची कानस झाली आणि ती आखावर फिरत राहिली. लोहारापासून हिरे घासणाऱ्यापर्यंत सगळे कारागीर हेच तत्त्व मुद्दाम वापरतात: घासायची भुकटी मऊ धातूत भरायची आणि त्यानं कठीण वस्तू घासायची. मी ते नकळत, नको त्या जागी वापरलं होतं.

मामूंनी एवढंच विचारलं, “पेस्ट?” मी मान खाली घातली. ते रागावले असते तर बरं वाटलं असतं. नव्या आखाचं काम काय असतं ते सांगतो. दाबून बसवलेली चाकं काढायची. नवा आख कातायचा. आणि चाकं पुन्हा बसवताना डाव्या चाकाची क्रँकपिन आणि उजव्या चाकाची क्रँकपिन एकमेकींशी बरोबर काटकोनात आणायची, म्हणजे एका बाजूचा दट्ट्या टोकाला अडला तरी दुसरी बाजू चाक फिरवते. पुढच्या आणि मागच्या आखाचा काटकोन तंतोतंत सारखा नसेल तर जोडदांडे अडकतात आणि इंजिन लंगडतं. मामूंच्या डोळ्यांत तोवर मोतीबिंदू उतरायला लागला होता. ते काम त्यांना सहा आठवडे पुरलं. पेट्या मात्र त्यांनी माझ्याकडून करून घेतल्या. तीन जोड्या फुकट गेल्या, चौथी बसली.

चौथी जोडी हातात घेऊन मी विचारलं, “मामू, फट ठेवायचीच कशाला? अगदी बरोबर मापाचं का नको?” ते म्हणाले, “तेल कुठं राहील मग?”

या एका वाक्याचा पूर्ण अर्थ मला पुढं वाचताना कळला. इंग्लंडात बोशॅम्प टॉवर नावाच्या इंजिनिअरनं १८८३ साली रेल्वेच्या बेअरिंगवर प्रयोग केले. चार इंच जाडीचा आख, खालून तेलात बुडलेला, आणि वरून भार दिलेलं पितळी बेअरिंग. त्यानं बेअरिंगच्या माथ्यावर तेल घालायला एक भोक पाडलं. यंत्र सुरू केलं, तर तेल आत जायच्याऐवजी त्या भोकातून वर उसळून बाहेर यायला लागलं! त्यानं बूच मारलं. बूच उडालं. लाकडाची खुंटी ठोकली. तीही वर सरकत बाहेर आली. मग त्यानं दाबमापक बसवला. बेअरिंगवरचा सरासरी भार चौरस इंचाला १०० पौंड होता. काटा २००च्याही पुढं गेला.

याचा अर्थ असा, की फिरता आख बेअरिंगला टेकलेलाच नव्हता. मधे तेलाचा पातळ थर होता आणि सगळा भार त्या थरानं उचलून धरला होता. हे का होतं याचं गणित ऑस्बर्न रेनॉल्ड्स या मँचेस्टरच्या प्राध्यापकानं १८८६ साली मांडलं. आख भोकापेक्षा किंचित लहान असतो. त्यामुळं तो एका अंगाला टेकतो आणि दुसऱ्या अंगाला ईदच्या चंद्रकोरीसारखी बारीक फट राहते. ही फट टेकल्या जागेकडं निमुळती होत जाते. तेल आखाला चिकटतं, आख फिरताना ते सोबत ओढून नेतो आणि त्या निमुळत्या जागेत पाचरीसारखं ठोकतो. पाचर दगड फोडते, तशी ही तेलाची पाचर पेटीला उचलते. ओल्या फरशीवर पळताना पाय घसरतो, तेव्हा तळपाय आणि फरशी यांच्यामध्ये पाणी असंच शिरलेलं असतं. फट नसेल तर पाचर नाही. फार सैल असेल तर तेल बाजूनं निसटतं, दाब साठत नाही आणि आख ठोके देतो. म्हणून एक थाउ.

हे फक्त आख फिरत असताना. इंजिन थांबलं की तेल हळूहळू निथळतं आणि धातू धातूवर बसतो. दर वेळी निघताना पहिले काही फेरे कोरड्याच्या जवळचे असतात. गनमेटलचा मऊपणा कामी येतो तो त्या वेळी.

टॉवरच्या प्रयोगातून दुसरा धडा निघतो तो तेलाच्या भोकाचा. भार वरून, म्हणजे सगळ्यात जास्त दाब पेटीच्या माथ्यावर. तिथं तेल ओतणं म्हणजे भरल्या पंपाच्या तोंडातून पाणी आत घालणं. इंजिनात थोडी सूट मिळते. दट्ट्या आखाला कधी पुढं ढकलतो, कधी मागं. त्यामुळं पेटीच्या पुढच्या आणि मागच्या अंगावरचा दाब आळीपाळीनं हलका होतो आणि तेल तिथून शिरतं. मामूंनी मला भोक माथ्यापासून तिरपं, बाजूला उतरणारं पाडायला लावलं. आतून एक उथळ चर आखाच्या लांबीनं कोरायचा, पण दोन्ही टोकांना अलीकडंच थांबवायचा. चर कडेपर्यंत गेला तर तेल सरळ बाहेर. चराच्या कडा गोल घासून घ्यायच्या. धारदार कड आखावरचं तेल खरवडून काढते. आणि भोक पाडून झालं की आतली बर काढून, फुंकर मारून, त्यातून तार फिरवून पाहायची. पेटीत अडकलेला धातूचा एक कीस सगळ्या मेहनतीवर पाणी फिरवतो.

पेटीच्या माथ्यावर तेलाची छोटी वाटी कोरतात. मोठ्या इंजिनात अशा वाट्यांत लोकरीच्या दोऱ्याची वात असते. वात तेल शोषून वर चढवते आणि नळीतून थेंबथेंब खाली सोडते. ड्यूटी संपली की वाती उपसून ठेवायच्या, नाहीतर उभ्या इंजिनातही तेल गळत राहतं. आमच्या इंजिनाला जाड लोकरीचा एक धागा पुरला. तो मुमानींच्या स्वेटरच्या गुंड्यातला. पण सगळ्यात चांगली सोय खालून. पेटीच्या तळाशी एक लहान थाळी बसवून तीत तेलात भिजवलेला नमद्याचा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा तुकडा ठेवायचा. तो आखाच्या पोटाला सतत पुसत राहतो. जिथं दाब कमी तिथं तेल द्यायचं, पाचर मारायचं काम आख करतो. टॉवरच्या आखाचं पोट तेलात बुडलेलं होतं, ते याच कारणासाठी.

तेल कोणतं? इथं बरेच जण चुकतात. सिलिंडरला लागतं ते दाट, हिरवट-काळं तेल. त्यात चरबीचा अंश मिसळलेला असतो, म्हणून ओल्या वाफेतही ते धातूला धरून राहतं. ते आखाला नको. थंड आखाजवळ ते इतकं घट्ट असतं, की एका थाउच्या फटीत शिरतच नाही. शिलाई मशीनचं तेल नको, ते इतकं पातळ, की पाण्यानं धुऊन जातं. आखाला मधल्या जाडीचं साधं खनिज तेल हवं, साधारण ३० नंबरच्या इंजिन ऑइलएवढं. खाण्याचं तेल तर अजिबात नको. ते हवेनं चिकट होतं. घरातल्या शिलाई मशीनला कुणी खोबरेल घातलं असेल, तर थंडीत ते मशीन कसं थिजतं हे भगिनींना सांगायला नको. एरंडेल तेवढं याला अपवाद. एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानातल्या रेल्वेगाड्यांना ते मोठ्या प्रमाणावर वापरत.

आता बाजारात तयार बुशही मिळतात. ब्राँझची भुकटी दाबून, भाजून केलेले, स्पंजासारखे सच्छिद्र, आतच तेल भरलेले. सोय चांगली, पण बसवल्यावर त्यांना आतून रिमर मारायचा नाही, नाहीतर छिद्रं लिंपली जातात. सुईसारख्या रोलरांची बेअरिंगंही लोक वापरतात. ती हलकी फिरतात, मात्र त्यांना कडक केलेला आख लागतो, आणि राख आत गेली की ती माफ करत नाहीत. गनमेटल पुष्कळ माफ करतं.

नवं इंजिन पहिल्या दिवशी दौडवायचं नसतं. अर्धा तास सावकाश, बिनभाराचं चालवायचं, मग थांबवून प्रत्येक पेटीला बोटाचं मागचं अंग लावून पाहायचं. कोमट असेल तर ठीक. बोट ठेववत नसेल तर तिथंच थांबायचं. रेल्वेत याला ‘हॉट ॲक्सल’ म्हणतात, आणि हा शब्द निघाला की स्टेशनमास्तरापासून गार्डापर्यंत सगळे धावत. तेल आटलेली पेटी आधी तापते, मग धूर येतो आणि शेवटी आख मोडतोही. पहिल्या दिवसाचं तेल काळपट निघतं. ते पुसून काढून नवं घालायचं. दुसऱ्या दिवशी कमी काळं. स्वच्छ यायला लागलं की पेटी आणि आख यांची ओळख झाली, असं मामू म्हणायचे. ही ओळख तेलानंच व्हावी लागते, पेस्टनं नव्हे.

मामू आता नाहीत. अंगणातला रूळही गेला. कुर्डुवाडीची छोटी लाइनसुद्धा ब्रॉडगेज झाली. इंजिन माझ्याकडं आहे. दरवर्षी दिवाळीच्या सुट्टीत मी ते उलटं करून पेट्यांच्या थाळ्या उघडतो, नमदे धुतो, नवं तेल घालतो आणि नातवंडांना फिरवतो. माझी ती चौथी जोडी तीस वर्षांहून जास्त चालली आहे. गेल्या वर्षी मापलं, तर फट दोन थाउपर्यंत गेली होती.

तो चर पडलेला आख मामूंनी फेकला नव्हता. त्यांच्या कानशींच्या खणात चिंधीत गुंडाळून ठेवलेला सापडला. आता तो माझ्या लिहिण्याच्या टेबलावर असतो. नात विचारते, “याला काय झालं?” मी तिचं नख त्या चरावरून फिरवून दाखवतो आणि सांगतो, घाई झाली होती.